समोरचा स्पर्धक शत्रू की गुरू? सेल्टिक्स आणि लेकर्सच्या पन्नास वर्षांच्या चुरशीची गोष्ट



"सर, माझ्या दुकानासमोरच एकाने तोच धंदा चालू केलाय. आता मी काय करू?"

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. या आठवड्याच्या व्हिडिओत मी त्याचं उत्तर अमेरिकेतल्या दोन बास्केटबॉल टीमची गोष्ट सांगून दिलं. पण दहा-बारा मिनिटांत ती गोष्ट बसत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. बास्केटबॉल कळत नसला तरी चालेल. धंदा कळायला हवा असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. ट्रेनर होण्याआधी माझं एका कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान होतं. एका पानाला एक रुपया. वर्षभराने समोर दुसरं दुकान आलं. मी लगेच रेट ७५ पैसे केला. त्याने ५० केला. मीही ५० केला. कागद, टोनर, लाइट बिल धरलं तर प्रत्येक पानाला दोघंही खिशातून पैसे घालत होतो. दीड वर्षाने त्याने शटर ओढलं, तेव्हा मी पेढे वाटले. दोन महिन्यांनी माझंही शटर ओढलं गेलं. दीड वर्षात मी त्या माणसाशी एकदाही बोललो नव्हतो.

ही गोष्ट लक्षात ठेवा. आता अमेरिकेत जाऊ.

दोन टीम, दोन स्वभाव

बॉस्टन सेल्टिक्सची सुरुवात १९४६ ची. लेकर्स १९४७ मध्ये मिनिआपोलिस शहरात आली. मिनेसोटा हे तळ्यांचं राज्य, म्हणून नाव 'लेकर्स'. जॉर्ज मायकन या उंचापुऱ्या खेळाडूच्या जोरावर लेकर्सने १९५४ पर्यंत पाच वेळा विजेतेपद मिळवलं. म्हणजे सुरुवातीला मार्केट लीडर लेकर्स होती, बॉस्टन नव्हे.

मायकन गेला आणि लेकर्सचा धंदा बसला. प्रेक्षक कमी, पैसा कमी. १९६० च्या जानेवारीत तर टीमचं जुनं विमान हिमवादळात सापडलं, वीज गेली, आणि पायलटने ते आयोवा राज्यातल्या कॅरोल गावाजवळ मक्याच्या शेतात उतरवलं. सगळे वाचले. त्याच वर्षी मालकाने टीम उचलून लॉस एंजेलिसला नेली. तिथे तळी नाहीत, तरी नाव तेच ठेवलं.

तिकडे बॉस्टनमध्ये १९५० साली रेड आउरबॅक नावाचा कोच आला. तेव्हा बॉस्टन म्हणजे आइस हॉकीचं शहर, बास्केटबॉलला कोण विचारतो? आउरबॅककडे पैसा कमी होता, पण माणूस ओळखायची नजर होती.

एनबीए लीगमध्ये नवीन खेळाडू 'ड्राफ्ट'मधून येतात. आपल्या आयपीएलसारखी बोली नसते. टीम आपापल्या नंबरावर एकेक खेळाडू निवडतात, आणि साधारणपणे मागच्या सीझनला खाली राहिलेल्यांचा नंबर आधी लागतो. १९५० च्या ड्राफ्टमध्ये बॉस्टनने चक कूपरला निवडलं. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९५६ मध्ये आउरबॅकने एड मकॉली हा आपला नावाजलेला खेळाडू आणि क्लिफ हेगनवरचा हक्क सेंट लुईसला दिला, आणि बदल्यात बिल रसेल घेतला.

रसेल पॉइंट करण्यासाठी प्रसिद्ध नव्हता. तो समोरच्याचे पॉइंट अडवायचा. टाळ्या पडतात बॉल बास्केटमध्ये टाकणाऱ्याला, अडवणाऱ्याला कोण बघतो? आउरबॅकने बघितलं. १९५७ ते १९६९ या तेरा सीझनमध्ये सेल्टिक्सने अकरा वेळा विजेतेपद घेतलं, त्यातली आठ सलग. १९६६ मध्ये आउरबॅक कोचपदावरून बाजूला झाला आणि रसेललाच कोच केलं. एनबीएमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच तोच.

हरत राहिलेला माणूस

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस: लेकर्सचा जेरी वेस्ट.

फायनल म्हणजे सात मॅचची मालिका, चार जिंकणारा विजेता. लेकर्स मिनिआपोलिसमध्ये असतानाच १९५९ ला बॉस्टनकडून ४-० ने हरली होती. वेस्ट १९६० ला टीममध्ये आला. त्यानंतरचा हिशोब बघा: १९६२, १९६३, १९६५, १९६६, १९६८, १९६९. सहा वेळा फायनल सेल्टिक्सशी, सहाही वेळा हार.

१९६२ ला सातव्या मॅचच्या शेवटच्या क्षणी स्कोअर १००-१०० होता. लेकर्सच्या फ्रँक सेल्वीने शॉट मारला. बॉल रिंगला लागून बाहेर. जादा वेळेत बॉस्टन ११०-१०७ ने जिंकलं. एक शॉट आत गेला असता तर कदाचित पुढची वीस वर्षं वेगळी झाली असती.

पण खरा धडा १९६९ चा. लेकर्सने विल्ट चेंबरलेनला आणलं होतं. वेस्ट, एल्जिन बेलर, चेंबरलेन, तिघंही दिग्गज. समोर म्हाताऱ्या होत चाललेल्या सेल्टिक्स, सीझनमध्ये आपल्या विभागात चौथ्या आलेल्या. फायनल ३-३ झाली. सातवी मॅच लॉस एंजेलिसमध्ये. लेकर्सचे मालक जॅक केंट कुक यांनी जिंकायच्या आधीच जल्लोषाची तयारी केली. छताला जाळीत हजारो फुगे बांधले. लेकर्स जिंकल्यावर फुगे पडतील, बँड वाजेल, कोणाकोणाची मुलाखत होईल, असा कार्यक्रमच छापून प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर ठेवला.

तो कागद बॉस्टनच्या हाती लागला. पुढे काय झालं असेल, सांगायला नको. बॉस्टन १०८-१०६ ने जिंकलं. फुगे छतालाच राहिले. रसेलचा खेळाडू म्हणून तो शेवटचा सामना, अकरावं विजेतेपद.

आणि वेस्ट? त्या सातव्या मॅचमध्ये त्याने ४२ पॉइंट, १३ रिबाउंड, १२ असिस्ट केले. त्या वर्षीपासून फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूला पुरस्कार सुरू झाला, तो वेस्टला मिळाला. हरलेल्या टीममधून हा पुरस्कार मिळालेला आजपर्यंतचा तो एकमेव खेळाडू. विचार करा, तुमचं दुकान बंद पडतंय आणि तुम्हाला 'उत्कृष्ट उद्योजक' ट्रॉफी दिली जाते. काय वाटेल? वेस्टला ते फुगे आयुष्यभर विसरता आले नाहीत.

पण हा माणूस मैदान सोडून पळाला नाही. त्याचं नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

लीगच संकटात

१९७० च्या दशकाच्या शेवटी एनबीएची हालत बेताची होती. किती बेताची? १९८० च्या फायनलमधली सहावी मॅच. लेकर्सचा मॅजिक जॉन्सन, वय २०, पहिलाच सीझन. संघाचा आधारस्तंभ करीम अब्दुल-जब्बार जखमी, म्हणून हा पोरगा त्याच्या जागी खेळला आणि ४२ पॉइंट करून विजेतेपद घेऊन आला. आणि अमेरिकेच्या बहुतेक भागात ती मॅच टीव्हीवर लाइव्ह दाखवलीच नाही. रात्री साडेअकराला रेकॉर्डिंग दाखवलं! प्रॉडक्ट जबरदस्त, पण शेल्फवर जागा नाही.

मग बदललं काय? मॅजिकला जोड मिळाली. त्याचं नाव लॅरी बर्ड.

दोघं आधी कॉलेजमध्ये भिडले होते. २६ मार्च १९७९, कॉलेज स्पर्धेची फायनल. मॅजिकच्या मिशिगन स्टेटने बर्डच्या इंडियाना स्टेटला ७५-६४ ने हरवलं. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या कुठल्याही मॅचला मिळालेलं सर्वाधिक टीव्ही रेटिंग आजही त्याच मॅचचं आहे. म्हणजे गिऱ्हाईक होतं! त्याला फक्त बघण्यासारखी लढत हवी होती.

त्याच वर्षी मॅजिक लेकर्समध्ये आला आणि बर्ड सेल्टिक्समध्ये. यातही आउरबॅकची नजर बघा. बर्डला त्याने १९७८ मध्येच निवडून ठेवलं होतं, कॉलेजचं एक वर्ष बाकी असताना. बाकीच्या टीमना आजच्या आज खेळणारा माणूस हवा होता. आउरबॅक वर्षभर थांबला. पुढच्या वर्षी त्याने एका सौद्यात रॉबर्ट पॅरिश आणि केव्हिन मॅकहेल असे दोघं आणले. पुढची दहा वर्षं बॉस्टनची टीम या तिघांवर उभी होती.

नक्कल नाही, ओळख

१९७९ मध्येच लेकर्स विकली गेली. नवे मालक जेरी बस. रसायनशास्त्रात पीएचडी, पैसा कमावला घर-जमिनीच्या धंद्यात. त्यांनी ६ कोटी ७५ लाख डॉलरमध्ये लेकर्स, एक आइस हॉकी टीम, फोरम नावाचं स्टेडियम आणि एक रँच असं सगळं एकत्र घेतलं.

बस बॉस्टनची नक्कल करू शकले असते. त्यांनी आधी स्वतःचं गिऱ्हाईक बघितलं. लॉस एंजेलिस म्हणजे हॉलिवूड. या माणसाला संध्याकाळी काय हवंय? करमणूक. मग नाचणाऱ्या लेकर गर्ल्स आल्या, बँड आला, पहिल्या रांगेत फिल्मस्टार बसू लागले, मॅचनंतर मंडळी रमतील असा क्लब झाला. मैदानावर पॅट रायली कोच आणि मॅजिकचा वाऱ्यासारखा वेगवान खेळ. याला नाव पडलं 'शोटाइम'.

बॉस्टनने काय केलं? काहीच बदललं नाही, आणि तेच बरोबर होतं. त्यांचं बॉस्टन गार्डन हे १९२८ चं जुनं स्टेडियम. एसी नाही. मैदान लाकडाच्या छोट्या तुकड्यांचं. २००६ पर्यंत त्यांनी डान्स टीम ठेवलीच नाही. त्यांच्या गिऱ्हाइकाला हवी होती परंपरा, घाम गाळणारी टीम आणि छताला टांगलेले विजेतेपदाचे झेंडे.

एकाच मार्केटमध्ये, एकच वस्तू, दोन पूर्ण वेगळी दुकानं. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आणि समोरच्या दुकानात फरक काय होता? फक्त रेट. तिथेच आम्ही दोघं मेलो.

१९८४: हार कशी दिसते

शेवटी १९८४ मध्ये दोघं फायनलला समोरासमोर आले. तिसरी मॅच लेकर्सने १३७-१०४ ने चिरडली. बर्डने आपल्याच टीमला सगळ्यांसमोर सुनावलं की आपण पोरींसारखे खेळलो. (हे शब्द आज कोणी वापरू नये, पण तो बोलला.) चौथ्या मॅचमध्ये मॅकहेलने पळत्या कर्ट रॅम्बिसला हाताने असं आडवं पाडलं की मालिकेचा नूरच पालटला. पाचवी मॅच बॉस्टनमध्ये, आत तापमान सुमारे ३६ अंश. ३७ वर्षांचा करीम बाकावर ऑक्सिजन मास्क लावून बसलेला, आणि बर्डने त्याच गरमीत ३४ पॉइंट केले. बॉस्टन ४-३ ने जिंकलं.

मोक्याच्या क्षणी चुका झाल्या म्हणून मॅजिकला 'ट्रॅजिक जॉन्सन' म्हणून हिणवलं गेलं. पण ही फायनल देशाने लाइव्ह बघितली. हरणारा आणि जिंकणारा, दोघांचंही मार्केट वाढत होतं.

१९८५: परतफेड

पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोघं. पहिल्याच मॅचमध्ये बॉस्टनने लेकर्सला १४८-११४ ने धुतलं. आता ३८ वर्षांच्या करीमने जेमतेम १२ पॉइंट केले. हा म्हातारा झाला, असं सगळे म्हणू लागले.

करीमने काय केलं? मॅचचं रेकॉर्डिंग बघायला टीम बसली, तेव्हा तो सगळ्यात पुढे जाऊन बसला. स्वतःची प्रत्येक चूक बघितली. दुसऱ्या मॅचला जाताना त्याने वडिलांना टीमच्या बसमधून सोबत न्यायची परवानगी मागितली, रायलीने नियम मोडून दिली. त्या मॅचमध्ये करीमने ३० पॉइंट आणि १७ रिबाउंड केले. लेकर्स जिंकली. मालिका ४-२ ने संपली, तीही बॉस्टन गार्डनमध्ये. आठ वेळा हरल्यावर नवव्या वेळी लेकर्सने सेल्टिक्सला फायनलमध्ये हरवलं. सर्वोत्तम खेळाडू करीम.

आणि त्या टीमचा जनरल मॅनेजर कोण होता, माहितीये? जेरी वेस्ट. खेळाडू म्हणून जे सहा वेळा हातातून निसटलं, ते त्याने ऑफिसात बसून, माणसं निवडून मिळवलं.

१९८६ ला सेल्टिक्सने घरच्या मैदानावर सीझनच्या ४१ मॅचपैकी ४० जिंकल्या आणि विजेतेपदही घेतलं. लेकर्स त्या वर्षी फायनलपर्यंतही पोचली नाही. मग रायलीने प्रत्येक खेळाडूचे आकडे मांडले आणि सांगितलं, तुझ्या स्वतःच्या सर्वोत्तम कामगिरीपेक्षा किमान १ टक्का पुढे जा. बर्डशी तुलना नको, काल जो तू होतास त्याच्याशी कर. १९८७ ला लेकर्सने सेल्टिक्सला ४-२ ने हरवलं. १९८८ ला पुन्हा विजेतेपद.

जेवणाच्या टेबलावर

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. १९८५ चा उन्हाळा. बर्ड आणि मॅजिक दोघंही कॉन्व्हर्स कंपनीचे बूट वापरायचे. कंपनीने दोघांची एकत्र जाहिरात ठरवली. शूटिंग बर्डच्या गावी, इंडियाना राज्यातल्या फ्रेंच लिकला. तोवर दोघं धड बोललेही नव्हते. एकमेकांचा राग राग करायचे.

दुपारी बर्डच्या आईने मॅजिकला मिठी मारली आणि घरी जेवायला बसवलं. गप्पा निघाल्या. दोघांच्या लक्षात आलं की दोघंही कष्टकरी घरातले, दोघंही सारखेच हट्टी. मैत्री तिथे जुळली. मैदानावरची चुरस मात्र तसूभरही कमी झाली नाही.

७ नोव्हेंबर १९९१ ला मॅजिकने आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांनी त्याच्यापासून अंतर ठेवलं. बर्डने ठेवलं नाही. १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये दोघं एकाच टीममधून खेळले. १९९३ मध्ये बॉस्टनमध्ये बर्डचा निरोप समारंभ झाला. मॅजिक लेकर्सचं जॅकेट घालून आला. बर्डने ते उघडलं, तर आत सेल्टिक्सचा टी-शर्ट!

पुढे काय झालं, आणि हिशोब

वैर थांबलं नाही. २००७ मध्ये सेल्टिक्सने पॉल पिअर्सच्या जोडीला केव्हिन गार्नेट आणि रे ॲलनला आणलं, आणि २००८ ला लेकर्सला ४-२ ने हरवलं. शेवटची मॅच १३१-९२. कोबी ब्रायंटच्या लेकर्सने २०१० ला ४-३ ने वचपा काढला. सातवी मॅच ८३-७९. कोबीचे २४ पैकी फक्त ६ शॉट आत गेले, तरी १५ रिबाउंड घेऊन तो झुंजत राहिला.

एकूण १२ फायनल समोरासमोर: सेल्टिक्स ९, लेकर्स ३. एकूण विजेतेपदं मात्र सेल्टिक्सची १८ (शेवटचं २०२४) आणि लेकर्सची १७ (शेवटचं २०२०). समोरासमोर तिप्पट वेळा हरलेली टीम एकूण हिशोबात फक्त एकाने मागे आहे!

आणि पैसा? २०२५ मध्ये लेकर्सचा सौदा सुमारे १० अब्ज डॉलर किमतीने ठरला, सेल्टिक्सचा सुमारे ६.१ अब्जने. याचं सगळं श्रेय या वैराला नाही. टीव्हीचे करार, मायकल जॉर्डन, जगभर पसरलेला प्रेक्षक, अशी बरीच कारणं आहेत. पण रात्री साडेअकराचा खेळ संध्याकाळी घराघरात पोचला, त्यात मोठा वाटा या दोघांचा.

एक प्रामाणिक इशारा

मित्रांनो, ही गोष्ट जशीच्या तशी तुमच्या गल्लीला लागू होत नाही. लीगमध्ये समोरची टीम नसेल तर मॅचच होत नाही, आणि देशभरच्या टीव्हीचा पैसा सगळ्या टीममध्ये वाटला जातो. तुमच्या समोरचा दुकानदार तुम्हाला वाटा देणार नाही. काही स्पर्धक खोटं वजन देतील, उधारीवर गिऱ्हाईक तोडतील. भोळेपणाने वागा असं मी म्हणत नाही. पण हे चार प्रश्न आज वहीत लिहा:

१. रेट सोडून माझ्यात आणि त्याच्यात फरक काय? एका वाक्यात सांगता येत नसेल तर धोका आहे.

२. तो माझी कुठली कमजोरी दाखवतोय? करीमसारखं पुढे बसून बघा.

३. मी त्याच्याशी तुलना करतोय की माझ्याच मागच्या महिन्याशी? १ टक्का कुठे वाढेल?

४. जिंकायच्या आधीच मी फुगे तर बांधत नाहीये?

माझं उत्तर मला उशिरा सापडलं. समोरचा संध्याकाळी सातला दुकान बंद करायचा. परीक्षेच्या दिवसांत पोरांना रात्री दहापर्यंत झेरॉक्स लागायची. मला बाइंडिंग येत होतं, त्याला नव्हतं. त्याच्याकडे मोठ्या नकाशांच्या कॉपीचं मशीन होतं, माझ्याकडे नव्हतं. दोघंही जगलो असतो. एकमेकांकडे गिऱ्हाईकही पाठवलं असतं.

काही वर्षांनी तो मला एसटी स्टँडवर भेटला. आम्ही चहा घेतला. तो म्हणाला, "तुम्ही ७५ पैसे केलेत त्या दिवशी मी तुमच्याकडे बोलायला येणार होतो. पण राग आला, म्हणून ५० केले."

मी काय बोलणार? चहाचे पैसे मात्र मी दिले.

तुमच्या समोरच्या दुकानात आज एकदा जाऊन या. नुसता नमस्कार करा. मग घरी येऊन ते चार प्रश्न सोडवा. पुढच्या व्हिडिओत भेटू.